बोका आणावा की भाटी?

चिमटीभर_सावली (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

घरात मांजर आणायचं ठरलंय. ओळखीतल्या एक ताई बेवारस पिल्लं वाढवतात आणि त्यांना घरं शोधून देतात. सध्या त्यांच्याकडे एकाच आईची पाच पिल्लं आहेत, तीन बोके आणि दोन भाट्या. सहा आठवड्यांची झालीत, अजून महिनाभर आईजवळ ठेवून मग देणार. ताईंनी एवढंच विचारलं, "बोका हवा की भाटी ते सांगून ठेवा," आणि आमच्या घरात लगेच दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, बोके लाडिक असतात आणि भाट्या शिष्ट. लेक म्हणते, बोके घरभर घाणेरडा वास करून ठेवतात, तिने मैत्रिणीकडे पाहिलंय. मला दोन्हीतलं काही कळत नाही.

ज्यांनी दोन्ही पाळलीत त्यांनी सांगा, खरंच फरक पडतो का? स्वभाव, वास, आजारपण, सगळ्याच बाबतीत.

तिरपागडा:

बोका. विषय संपला.

मनूची_मावशी:

भाटी. विषय आत्ता कुठे सुरू झाला.

बोकेशास्त्री:

वरच्या दोघांना दंडवत. (ताई, हे दोघं प्रत्येक धाग्यावर असेच भांडतात. लक्ष देऊ नका.)

तुमच्या नवऱ्याचंही खरं आणि लेकीचंही खरं. फक्त दोघं दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलताहेत. लेकीने पाहिलेला बोका नसबंदी न झालेला असणार आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे तो नसबंदी झालेला. म्हणून 'बोका की भाटी' याच्या आधी 'नसबंदी करणार ना?' हे विचारायला हवं. त्याचं उत्तर 'हो' असेल तर लोक ज्या फरकांवर वाद घालतात त्यातले बरेचसे तिथेच गळून पडतात.

न केलेला बोका साधारण सहा महिन्यांच्या आसपास वयात येतो. मग भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ करून थरथरवतो आणि मागच्या मागे पिचकारी मारतो. भिंत, पडदा, दाराची चौकट, कपाट, काहीही. त्याला शू लागलेली नसते, तो हद्दीचा दगड रोवत असतो. वास इतका उग्र का, तर बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि ते किती तयार व्हायचं हे टेस्टोस्टेरॉनवर ठरतं. नसबंदी झाली की ते घटतं आणि वास माणसात येतो. पिचकाऱ्यांच्या जोडीला रात्र रात्र बाहेर भटकणं, मारामाऱ्या, फाटके कान, चाव्यांची गळवं हे सगळं आलंच.

आता भाटी. ती चौथ्या-पाचव्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकते, म्हणजे आपण तिला पिल्लूच समजत असतो तेव्हा. लोळते, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर उचलते आणि रात्रभर असा टाहो फोडते की नवख्या माणसाला वाटावं, हिला काहीतरी भयंकर दुखतंय. आठवडाभर हे चालतं, समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून. दिवस मोठे होऊ लागले की हा हंगाम सुरू होतो, पण घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर वर्षभरही चालू राहू शकतो. आणि हो, माजावरची भाटीसुद्धा पिचकाऱ्या मारते. हे कुणी सांगत नाही.

नसबंदीनंतर साधारण १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या अधूनमधून फवारतात. बाकीचे नाही. म्हणजे बोका घेतला म्हणून घर वासानं भरेल ही भीती दहातल्या नऊ घरांत खोटी ठरते.

कोरडी_विहीर:

+१. आणि मोठ्या वयात नसबंदी केली तरी बहुतेक बोक्यांची पिचकारी, भटकंती आणि मारामारी बरीच कमी होते. 'आता सवय लागली, उपयोग नाही' म्हणून सोडून देऊ नये.

मुकाट_बसा_पाहू:

मला हे नसबंदीचं प्रकरणच पटत नाही. निसर्गाने दिलेलं आपण काढून घ्यायचं कशाला? भाटीला निदान एकदा तरी आई होऊ द्यावं, त्याने ती शांत होते आणि तब्येतही चांगली राहते असं ऐकलंय. बोक्याचं तर बिचाऱ्याचं रूपच जातं.

औषधपाणी:

पेशाने पशुवैद्य आहे, म्हणून राहवलं नाही.

मुकाट, एका वेताने भाटीची तब्येत सुधारते याला काहीही आधार नाही. उलट आहे. पहिल्या सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होतो. वर्षाच्या आत केली तरी ८६ टक्क्यांच्या आसपास. जितका उशीर, तितका हा फायदा झपाट्याने विरघळत जातो. मांजरांच्या स्तनांतल्या गाठींपैकी ८५ टक्क्यांहून जास्त गाठी घातक निघतात, कुत्र्यांपेक्षा कितीतरी वाईट प्रमाण. भाटीच्या बाबतीत 'बघू पुढे' म्हणणं सगळ्यात महागात पडतं ते इथे. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा आजार असतो, तोही गर्भाशय काढल्यावर प्रश्नच उरत नाही.

आणि 'एकदा' हा शब्द मांजरांना कळत नाही. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा, वेताला तीन ते पाच पिल्लं, आणि आधीची पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. मांजरीचं बीज समागमानंतर सुटतं, त्यामुळे ती सहसा चुकत नाही. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात.

बोक्याच्या रूपाबद्दल म्हणाल तर हो, उशिरापर्यंत न केलेल्या बोक्याचे गाल फुगतात, मान जाड होते, आणि तो रुबाब लवकर नसबंदी झालेल्यात येत नाही. बदल्यात तो एफआयव्हीच्या, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूच्या, वाटेवरून बाजूला होतो. हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, आणि चावाचावी करणारे बहुतेक कोण असतात ते तुम्हीच सांगा.

मुकाट_बसा_पाहू:

बरं बाबा. गालांपुरतं तरी माझं बरोबर निघालं.

वाऱ्यावरची_वरात_नाही:

कुणीतरी शस्त्रक्रियेतला फरक सांगा ना. माझ्याकडे एकेक आहे आणि दोघांची एकाच दिवशी करायचा विचार आहे.

औषधपाणी:

बोक्याची शस्त्रक्रिया बाहेरून होते, काही मिनिटांत आटपते, बहुतेक वेळा टाके नसतात आणि दुसऱ्या दिवशी स्वारी कपाटावर. भाटीचं पोट उघडावं लागतं, त्यामुळे भूल जास्त वेळ, टाके, दहा ते चौदा दिवस उड्या बंद, जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. खर्चही म्हणून भाटीचा जास्त येतो. एकाच दिवशी करायला हरकत नाही, पण घरी आल्यावर भाटीला वेगळी शांत खोली द्या. बोका बरा होऊन तिच्यावर झेपा टाकायला लागेल.

तुमच्याकडे काही कारणाने भाटीची पुढे ढकलली गेली, तर मात्र एक लक्षात ठेवा: बोक्याची झाल्यावरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. महिना-दीड महिना दोघांना वेगळं ठेवा.

मनूची_मावशी:

आता स्वभावावर या की. मी उगाच भाटी म्हणत नाही. आमच्याकडे आजवर दोन्ही होऊन गेलेत. बोके म्हणजे अंगावर येऊन पडणारे, दिसेल त्याच्या मांडीवर. पाहुणा आला की त्याच्याही. भाट्या निवडून प्रेम करतात. आमची मनू घरात फक्त माझ्याजवळ येते, आणि ती येते तेव्हा कळतं की आपल्याला काहीतरी मिळालंय.

तिरपागडा:

म्हणजे तुझ्या घरातल्या बाकीच्यांना मांजर नाहीच आहे. हेच तर म्हणतोय मी.

बोकेशास्त्री:

ही निरीक्षणं बरेच जण सांगतात आणि माझाही अनुभव साधारण असाच: बोके जरा भाबडे, खाण्याच्या नादी, भाट्या जरा हिशेबी. पण माझ्या हातून जितकी मांजरं गेली त्यात नियमाला अपवादच इतके आहेत की मी यावर पैज लावणार नाही. मोठा फरक दुसरीकडून येतो.

पिल्लाच्या आयुष्यात दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या काळात वेगवेगळ्या माणसांचे हात लागले, आवाज ऐकले, उचलून घेतलं गेलं, तर ते पिल्लू जन्मभर माणसाळलेलं राहतं. या काळात माणूस पाहिलाच नाही तर पुढे कितीही लाड करा, एक बारीक भीती शिल्लक राहतेच. दुसरी गोष्ट बापाची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मॅककून यांच्या अभ्यासात दिसलं की मनमोकळ्या बापाची पिल्लं अनोळखी माणसांशी आणि नव्या वस्तूंशी जास्त धीटपणे वागतात, भले बाप त्यांना कधी दिसलासुद्धा नसेल. म्हणजे धीटपणा काही अंशी रक्तातूनच येतो. तेव्हा ताईंना विचारा की पिल्लं त्यांच्याकडे कितव्या आठवड्यात आली. मुलगा-मुलगी यापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.

निळा_उंबरा:

बापाला शोधून मुलाखत घ्यायची म्हणजे अवघडच आहे, पसार असतो तो.

कोरडी_विहीर:

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. घरात आधीचं मांजर आहे का? किंवा पुढे येणार आहे का?

चिमटीभर_सावली:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पिल्लं ताईंकडे आली तेव्हा नुकतेच डोळे उघडत होते, म्हणजे तो काळ बहुतेक सगळा त्यांच्याच घरात गेलाय. त्यांच्याकडे दोन लहान मुलंही आहेत.

कोरडी_विहीर, बरं विचारलंत. सासूबाई दोन महिन्यांत कायमच्या आमच्याकडे राहायला येताहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाटी. सात वर्षांची, नसबंदी झालेली, एकटीच वाढलेली. सासूबाईंचं म्हणणं, दोन बायका एका घरात नकोत (हे त्या मांजरांबद्दल बोलत होत्या, मी खात्री करून घेतली). म्हणून बोकाच आणा. यात तथ्य आहे का?

तिरपागडा:

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

कोरडी_विहीर:

तथ्य थोडं, समज जास्त.

नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजरांच्या जोड्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला होता. बोका-बोका, भाटी-भाटी, बोका-भाटी अशा तिन्ही प्रकारच्या जोड्या होत्या. मारामारीत किंवा जवळिकीत जोडीच्या प्रकारामुळे मोठा फरक दिसला नाही. एक गंमत मात्र नोंदली गेली, भाट्या एकमेकींना अंग घासताना दिसल्या नाहीत. पण अंग न घासणं म्हणजे वैर नव्हे. मोकळ्यावर राहणाऱ्या मांजरांच्या कळपात तर नात्यातल्या भाट्याच एकत्र राहतात, एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात, आणि बोके हिंडत असतात. 'दोन भाट्यांचं जमत नाही' हे निदान मांजरांना कुणी कळवलेलं नाही.

तुमच्या घरी अडचण वेगळी आहे. सात वर्षं एकटी राहिलेली भाटी आणि दहा आठवड्यांचं कारटं. पिल्लू कुठलंही असो, तिला ते आगाऊच वाटणार. आणि इथे बोक्याच्या बाजूने नाही, विरुद्ध एक मुद्दा येतो. चार-पाच महिन्यांनंतर बोक्यांचा खेळ कुस्तीकडे झुकतो. मानेला धरायचं, आडवं पाडायचं, मागच्या पायांनी लाथा झाडायच्या. भाट्यांना बहुधा पाठलाग आणि झडप घालणं आवडतं. वयस्क भाटीला रोज आखाड्यात ओढणारा बोका नकोसा होऊ शकतो.

मनूची_मावशी:

सासूबाईंना माझाही नमस्कार सांगा.

बोकेशास्त्री:

कुस्तीच्या मुद्द्याशी सहमत, पण त्यावर उपाय आहे. दोन पिल्लं एकदम आणा. ती आपापसात धुडगूस घालतील, म्हातारीला वरून बघत बसता येईल. अर्थात दोन मांजरांचं खाणं, लसी, शस्त्रक्रिया पेलणार असेल तरच. मी सांगतोय म्हणून नको.

चिमटीभर_सावली:

तीन मांजरं म्हटल्यावर नवरा जो गप्प झालाय तो अजून गप्प आहे. एकच.

नवी_कोरी:

अवांतर विचारते, रागावू नका. तिरंगी मांजर भाटीच असते हे खरं का? म्हणजे रंगावरूनच ओळखता आलं असतं.

बोकेशास्त्री:

रागवायचं काय, हा माझा आवडता विषय.

जवळजवळ नेहमीच खरं. नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो नारिंगी तरी असतो, नाहीतर नसतो. भाटीकडे दोन एक्स, एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळ्याचा आदेश असेल तर अंगावर दोन्ही रंगांचे ठिपके उमटतात, कारण शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बंद केलेला असतो. कुठे हा, कुठे तो. पांढरा रंग वेगळ्या जनुकाने येतो. तिरंगी बोका क्वचित जन्मतो, साधारण तीन हजारांत एक असं म्हणतात. त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्त असतो आणि तो बहुतेक वांझ असतो.

याच हिशेबाने नारिंगी मांजरांत पाचांतले चार बोके निघतात, कारण भाटीला पूर्ण नारिंगी व्हायला दोन्ही एक्सवर तो आदेश लागतो. हे गणित लोकांना शंभर वर्षांपासून ठाऊक होतं, पण नेमकं जनुक कुठलं ते २०२५ साली पक्कं झालं. जपानमधलं क्युशू विद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड, दोन्हीकडच्या गटांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं. एआरएचजीएपी३६ जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा नारिंगी मांजरांत गळलेला असतो.

'नारिंगी मांजरं जरा वेडसर आणि प्रेमळ' ही जी ख्याती आहे ना, त्यातला बराचसा भाग 'बोके आहेत' एवढाच असावा असं माझं आपलं मत.

औषधपाणी:

बाकी रंगांत मात्र शेपूट उचलूनच पाहावं लागतं. गुदद्वाराचं टिंब आणि त्याखाली चांगलं अंतर सोडून दुसरं टिंब, तर बोका. टिंब आणि लगेच खाली चिकटून उभी रेघ, तर भाटी. एकटं पिल्लू पाहून फसायला होतं, दोन-तीन भावंडं शेजारी शेजारी धरली की अंतरातला फरक लगेच कळतो. सहा आठवड्यांच्या पिल्लांत अनुभवी माणसंही चुकतात, त्यामुळे नाव ठरवायची घाई नको. पहिल्या लसीला डॉक्टरांकडून पुन्हा बघून घ्या.

नवी_कोरी:

अजून एक अवांतर, बोके डावखुरे असतात असं कुठेतरी वाचलं होतं.

बोकेशास्त्री:

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचं २०१८चं काम. घरातल्या मांजरांना पायाने खाऊ काढायला लावला, पायऱ्या उतरायला लावल्या. भाट्यांचा कल उजव्या पायाकडे, बोक्यांचा डाव्याकडे. मांजर निवडायला शून्य उपयोगाचं, पण माहिती झकास.

निळा_उंबरा:

अवांतर चाललंयच तर माझंही. आमचा चार वर्षांचा बोका, नसबंदी झालेली, घरातच असतो. सकाळपासून दर थोड्या वेळाने शू-शीच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर लावतो, बाहेर येऊन खालचं चाटत बसतो. एकदा ओकला पण. ट्रे कोरडा आहे. बद्धकोष्ठ असावं. घरच्या घरी काय द्यावं?

औषधपाणी:

निळा_उंबरा, काहीही देऊ नका. आत्ता उठा आणि दवाखान्यात न्या. उद्या नाही, आत्ता. शू अडकली असण्याची दाट शक्यता आहे. पोट दाबून पाहू नका.

कोरडी_विहीर:

हेच लिहायला आले. फोन करून निघा, म्हणजे ते तयार राहतील.

बोकेशास्त्री:

जा लवकर. धागा कुठे पळत नाही.

चिमटीभर_सावली:

बापरे. हे बोक्यांनाच होतं का?

औषधपाणी:

मूत्राशयाचे त्रास दोघांनाही होतात. पण असं पूर्ण तुंबणं जवळजवळ बोक्यांचंच दुखणं. भाटीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, बोक्याची लांब आणि टोकाकडे अगदी निमुळती होत गेलेली. बारीक खडे, श्लेष्माचा गोळा, सूज, काहीही तिथे बुचासारखं बसतं. लघवी साठली की मूत्रपिंडं काम टाकतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाची लय बिघडते. एक-दोन दिवसांत मांजर जातं. लोक बद्धकोष्ठ समजून वाट बघतात आणि तेवढ्यातच वेळ निघून जातो.

लवकर नसबंदी केल्याने नळी अरुंद राहते असा समज आहे, पण मोजमाप करून पाहिलं तेव्हा तसा फरक आढळला नाही. धोका वाढतो तो लठ्ठपणाने, फक्त कोरड्या खाण्याने, कमी पाण्याने, घरातल्या ताणाने. म्हणून बोका आणलात तर ओलं खाणं, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, वजनावर लक्ष, आणि ट्रे स्वतः साफ करायची सवय. रोज शूने भिजलेल्या वाळूचे किती गोळे निघतात हे ज्याला ठाऊक असतं त्याला गडबड पहिल्याच दिवशी कळते.

नसबंदीनंतरही राहतो असा हा खरा फरक आहे. भाटीत स्तनांच्या गाठी, ज्या लवकर शस्त्रक्रियेने बव्हंशी टाळता येतात. बोक्यात हे तुंबणं, जे शस्त्रक्रियेने टळत नाही, लक्ष ठेवावं लागतं. बहुतेक बोक्यांना जन्मभरात कधीच होत नाही, तेही सांगून ठेवतो, नाहीतर सगळे घाबरून भाट्याच आणाल.

मनूची_मावशी:

मी एरवी इथे उड्या मारल्या असत्या, पण आत्ता नको. उंबरा, काय झालं ते कळवा.

निळा_उंबरा:

आत्ताच घरी आलो. तुंबलेलंच होतं. पोटॅशियम वाढलं होतं. भूल देऊन नळी घातली, सलाईन चालू आहे, दोन-तीन दिवस तिथेच ठेवणार. डॉक्टर म्हणाले, रात्रभर थांबला असतात तर कठीण होतं. काय बोलू, हात थरथरताहेत अजून. औषधपाणी, कोरडी_विहीर, सगळ्यांचेच उपकार.

तिरपागडा:

सुटला रे बाबा. घरी आणलास की फोटो टाक.

औषधपाणी:

छान. घरी आल्यावर पहिले काही आठवडे पुन्हा तुंबायची शक्यता असते, डोळ्यात तेल घालून बघा. खाणं कुठलं द्यायचं ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा, खड्यांच्या प्रकारावर ठरतं.

चिमटीभर_सावली:

खरं सांगू, वरचं वाचून भाटीकडे कल झाला होता. पण रविवारी पिल्लं बघायला जाणार आहोत. आता मला विचारायचंय ते असं की तिथे बसून नेमकं काय बघायचं? लिंग थोडा वेळ बाजूला ठेवते.

कोरडी_विहीर:

जमिनीवर बसा आणि कुणाला उचलू नका. कोण येऊन हुंगतंय, कोण लांबून बघून मग येतंय, कोण कोपऱ्यात दबून आहे. सगळ्यात आधी येऊन पायावर चढणारं पिल्लू सगळ्यांना आवडतं, पण तुमच्या सात वर्षांच्या भाटीला ते झेपेलच असं नाही. दबून बसलेलंही नको. मधलं बघा. मग चावी किंवा चमचा जरा लांब पाडा. दचकून पुन्हा चौकशीला येणारं पिल्लू उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भावंडांची कुस्ती बघा. खालचं पिल्लू किंचाळलं की वरचं सोडतं का? सोडणारं पिल्लू घ्या. न सोडणारं तुमच्या घरी त्रास देईल, मग तो बोका असो की भाटी.

बोकेशास्त्री:

आणि तब्येत: डोळे-नाक कोरडे, कान स्वच्छ, पोट ढोलासारखं फुगलेलं नाही, शेपटीखाली माखलेलं नाही. सासूबाईंच्या भाटीच्या अंगावर पुसलेलं एखादं फडकं जाताना न्या आणि पिल्लांच्या अंथरुणात ठेवा. त्यांचं एक घेऊन या. तिकडे भाटीने त्यावर फिस्कारलं तरी चालेल, तेवढीच ओळख.

चिमटीभर_सावली:

जाऊन आलो. पाचांतला एक काळा-पांढरा बोका ठरवलाय. चावी पडल्यावर टेबलाखाली गेला, मग स्वतःच येऊन तिच्यावर पाय मारत बसला. बहिणीने ओरडल्यावर दर वेळी सोडत होता. दोन भाट्यांपैकी एक भलतीच दांडगट निघाली, भावांना लोळवत होती, आणि दुसरीला आधीच घर मिळालंय. ताईंना 'बोका' असं कळवलं, पण खरं तर 'हा' असंच कळवायचं होतं.

सासूबाईंची भाटी आधी येऊन घरात रुळेल, ताई तोवर याला ठेवून घ्यायला तयार आहेत. म्हणजे घरी येईल तेव्हा तो साधारण साडेतीन महिन्यांचा असेल. औषधपाणी, नसबंदी कधी करू? आणि दोघांची गाठ कशी घालून देऊ?

औषधपाणी:

पाचवा महिना पूर्ण व्हायच्या आत. लसी तोवर होऊन जातील, घरी रुळायला महिनाभर मिळेल. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र पाव हिश्श्याने उतरते, म्हणून वाटीभर ओतून ठेवायचं बंद, मोजून द्यायचं. बोक्याच्या बाबतीत हे जास्त पाळा, कारण वर लिहिलंच आहे.

गाठ घालताना आठवडा-दोन आठवडे त्याला स्वतंत्र खोली, दार बंद. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची खाण्याची भांडी, रोज जरा जरा जवळ. वासाची फडकी बदलत राहा. मग जाळीतून किंवा फटीतून दर्शन. दोघं बघून जेवायला लागली की मग एकत्र, तेही आधी थोडाच वेळ आणि त्याला खेळून दमवल्यावर. फिस्कारणं, पंजा उगारणं चालतं. ती खाणं सोडून लपून बसायला लागली तर एक पायरी मागे या. आणि ट्रे तीन ठेवा, तिन्ही एका खोलीत नकोत.